केंद्रीय विद्यापीठात इंग्रजी एम.ए.: गुण असूनही अर्ज कुठे अडतो

दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबाद विद्यापीठात इंग्रजी साहित्यात एम.ए. करण्याच्या इच्छेने महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी तयारी करतात, चांगले गुणही मिळवतात आणि शेवटी एखाद्या दाखल्यापायी मागे राहतात.

या प्रवेशांसाठी एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्थेची सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत निघून जानेवारी-फेब्रुवारीत बंद झाले आहेत आणि परीक्षा मार्चमध्ये झाली आहे. त्यामुळे ‘बी.ए.चा निकाल लागू दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्याचे वर्ष हातचे जाते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करायचा असतो. दुसरे म्हणजे, सीयूईटीचा अर्ज हा विद्यापीठाचा अर्ज नव्हे. परीक्षेनंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करून वेगळे शुल्क भरावे लागते आणि ती मुदत चुकली की उत्तम गुणांचाही उपयोग होत नाही.

पात्रतेची अट प्रत्येक विद्यापीठात सारखी नसते. काही ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, तर काही ठिकाणी पदवीला इंग्रजी हा विषय मुख्य असावा लागतो. आपल्याकडचे सक्तीचे इंग्रजी अशा ठिकाणी धरले जात नाही, स्पेशल इंग्लिश धरले जाते. गुणपत्रिकेवरून हा फरक कळत नसेल, तर विभागप्रमुखांचे पत्र आधीच घेऊन ठेवावे.

सर्वाधिक अर्ज अडतात ते इतर मागासवर्गाच्या दाखल्यावर. सेतू केंद्रातून मिळालेले राज्याचे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र विद्यार्थी निर्धास्तपणे जोडतात. परंतु केंद्रीय विद्यापीठांना केंद्र शासनाच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यासाठी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग हे आपले राज्याचे प्रवर्ग तिथल्या अर्जात सापडतच नाहीत. या प्रवर्गांतील विद्यार्थ्याने आपल्या जातीचे नाव केंद्राच्या यादीत शोधावे आणि ते तिथे असल्यास ओबीसी म्हणूनच अर्ज करावा. जात वैधता प्रमाणपत्र जोडल्याने नमुन्याची ही उणीव भरून निघत नाही.

माझ्यासमोर बसून कागदपत्रे चढवणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे तीन वर्षांची मुदत असलेले, शिक्का आणि बारकोड असलेले राज्याचे प्रमाणपत्र होते. विद्यापीठाने ते दोन कारणांनी नाकारले: नमुना राज्याचा होता आणि तारीख आदल्या वर्षीची होती. राज्याच्या कागदावर मुदत शिल्लक असली तरी केंद्रीय विद्यापीठे साधारणपणे प्रवेशाच्या वर्षातील 31 मार्चनंतर दिलेला दाखला मागतात. एप्रिलमध्ये अर्ज करून तो वेळेत हाती पडेल याची खात्री प्रांत कार्यालय देत नाही. एकाच कुटुंबाची तीच माहिती दोन सरकारांच्या दोन नमुन्यांत पुन्हा पुन्हा का मागितली जावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही खिडकीवर मिळालेले नाही. तोवर एवढेच करता येते की केंद्राच्या नमुन्याची छापील प्रत सोबत न्यावी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज द्यावा.

उत्पन्नाबाबतही गल्लत होते. केंद्राच्या ओबीसी नियमांत 8 लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. पालकांचे पद मात्र स्वतंत्रपणे तपासले जाते. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात याच्या उलट आहे. तिथे पगार, शेती, व्यवसाय असे सगळे उत्पन्न धरून कुटुंबाची बेरीज 8 लाखांच्या आत असावी लागते आणि 5 एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी दाखला मिळत नाही. राज्यात एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गात मोडणाऱ्या विद्यार्थ्यांना केंद्रात ते आरक्षण नाही. अटी पूर्ण होत असतील तर त्यांनी ईडब्ल्यूएसचा विचार करावा.

नावाकडेही लक्ष असू द्यावे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर बहुधा नाव आधी आणि आडनाव शेवटी. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, त्याच क्रमाने लिहावे आणि दाखलेही त्याच नावाने काढावेत. विवाहानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र तयार ठेवावे.

छायाचित्र, सही, शुल्क यांत अवघड काही नाही. अंतिम सत्राचा निकाल रखडला असेल तर हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळू शकतो, मात्र निकाल सादर करण्याची अंतिम तारीख त्या हमीपत्रातच असते, ती सही करण्यापूर्वी वाचावी. श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्र गुणपत्रिकेमागे नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावे. विद्यापीठ बदलताना लागणारे मायग्रेशन सर्टिफिकेट महाविद्यालय देत नाही, ते विद्यापीठ देते. महाविद्यालयाचा टीसी त्याऐवजी चालत नाही, म्हणून निकाल लागताच त्याचा अर्ज करून पावती जपून ठेवावी.