कन्स्ट्रक्टर स्वतः लिहायची गरज आली कुठून

यवतमाळ-वाशिमकडची बरीच पोरं आता गावात राहूनच मोबाईलवर व्हिडिओ पाहून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतात, आणि बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडते. क्लास म्हणजे साचा, त्यातून बनते तो ऑब्जेक्ट, आणि ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालून त्याची मांडणी करणारा कोड म्हणजे कन्स्ट्रक्टर. क्लास लिहिला, कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही, तरी प्रोग्राम चालला, मग तो लिहायचा कधी आन काहून? नियम पाठ करून हे डोक्यात बसत नाही, ही गोष्ट आली कशी ते पाहिलं तर बसते.

सुरुवात नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ बनवली, क्लास आणि ऑब्जेक्ट तिथूनच आले. तिच्यात वेगळा कन्स्ट्रक्टर नव्हता, क्लासलाच पॅरामीटर, म्हणजे बाहेरून पाठवलेली माहिती, देता यायचे आणि ऑब्जेक्ट बनवायला न्यू म्हटलं की क्लासच्या आत लिहिलेला कोड लगेच चालायचा, म्हणजे ऑब्जेक्ट हातात येईपर्यंत त्याची मांडामांड झालेली राहायची.

सी भाषेत मात्र हे काहीच नव्हतं. समजा जिनिंगवरची काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, प्रोग्राममध्ये ठेवायची आहे, शेतकऱ्याचं नाव, क्विंटलमध्ये वजन, भाव. फंक्शनच्या आत स्ट्रक्ट, म्हणजे अशा माहितीचा एक गठ्ठा, बनवला आणि वजन भरायचं राहून गेलं तर त्या मेमरीत आधीचं जे काही पडलं असेल तेच वजन म्हणून वाचलं जाऊ शकते, आणि त्यावर हिशोबही होऊन जाते! मांडणीसाठी वेगळं फंक्शन लिहिता यायचं, पण ते बोलवायचं प्रोग्रामरनं ध्यानात ठेवून, विसरला तर अडवणारं कोणी नाही.

ब्यार्ने स्ट्रुस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडीच्या कामात सिम्युला वापरली होती. १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी सीवर क्लास चढवायला घेतले तेव्हा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन त्यांनी पहिल्यापासूनच ठेवलं. पुढे त्याला क्लासचंच नाव द्यायची पद्धत पडली, १९८५ मध्ये सी प्लस प्लस बाहेर आली, जावा आणि सी शार्पनंही तीच पद्धत उचलली.

पण माझ्या मते खरी किल्ली कम्प्युटर शास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७२ च्या कामात आहे. ऑब्जेक्टबद्दल एखादी गोष्ट कायम खरी राहिली पाह्यजे, तिला इन्व्हेरिअंट म्हणतात, आणि ती पहिल्या क्षणापासून खरी करून देणं हे सुरुवातीच्या कोडचं काम. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषेत हे भाषेच्या नियमातच घातलं. आता काटापट्टीकडे पाहा, वजनाशिवाय काटापट्टी असूच शकत नाही, म्हणून तिथं कन्स्ट्रक्टर स्वतः लिहायचा, वजन मागून घ्यायचं, शून्य किंवा उणे आलं तर ऑब्जेक्ट बनूच द्यायचा नाही. उलट दिवसभरात गाड्या किती आल्या एवढंच मोजणारा क्लास असेल तर शून्यापासून सुरुवात बरोबरच आहे, जावा आकड्याच्या फील्डमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या माहितीच्या खणात, स्वतःच शून्य ठेवते, तिथं लिहायची काही गरज नाही.

ज्यानं पोरं सगळ्यात जास्त गोंधळतात ते हे, की तुम्ही एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही तरच कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, रिकामा, म्हणजे काहीच न मागणारा, कन्स्ट्रक्टर देते, वजन मागणारा एक लिहिला की तो फुकटचा गेला. मग जावा प्रोग्राम डेटाबेसशी जोडणारं हायबरनेटसारखं काही वापरलं की एरर येते, कारण डेटाबेसमधून ऑब्जेक्ट उभा करायला त्याला रिकामा कन्स्ट्रक्टर लागते, तो हातानं परत लिहावा लागते. सी प्लस प्लसमध्ये क्लासनं मेमरी किंवा फाइल स्वतःकडं धरली असेल तर कॉपी कन्स्ट्रक्टरचाही, म्हणजे एका ऑब्जेक्टवरून तसाच दुसरा बनवताना चालणाऱ्याचाही, विचार करावा लागते, नाही तर दोन ऑब्जेक्ट एकच मेमरी सोडायला जातात.

नुसते पॅरामीटर उचलून फील्डमध्ये टाकणारे कन्स्ट्रक्टर लिहून लोक कंटाळले, म्हणून हे काम भाषेवरच सोडणारे प्रकार निघाले, पायथनमध्ये २०१८ ला डेटाक्लास आले आणि जावात २०२१ ला, १६ व्या आवृत्तीत, रेकॉर्ड पक्के झाले. गो आणि रस्टमध्ये तर असा खास कन्स्ट्रक्टर नाहीच, ऑब्जेक्ट बनवून देणारं साधं फंक्शन लिहितात. काटापट्टी जावात रेकॉर्ड म्हणून लिहिली तर नाव, वजन, भाव भरायचं काम भाषाच करते, तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त वजनाची तपासणी लिहायची.