दोन्हीकडे चुकणारा काटा

रविवारचे पोहे खाता खाता धाकट्या भावाने पेपर माझ्याकडे सरकवला. बातमी कुपोषणाची होती, आणि एकाच गोष्टीचे दोन आकडे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ३२.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. अंगणवाड्यांतून भरल्या जाणाऱ्या पोषण ट्रॅकर ॲपवरून सरकारने २०२४ मध्ये संसदेत सांगितलेला आकडा मात्र १७ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ निम्मा.

"अंगणवाडीत कसंतरी वजन करतात, म्हणून कमी येतो," भावाने निकाल दिला.

"कसंतरी केलं तर आकडा वाढायला हवा," मी म्हटलं.

"वाढेल कशाला? कोणाचं जास्त लिहिलं जाईल, कोणाचं कमी. मुलं कोट्यवधी. चुका एकमेकींना खाऊन टाकतील. तूच शिकवायचीस ना ताई?"

शिकवायचे, पण ते सरासरीबद्दल. आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या एखाद्या दुकानाचा काटा कधी दोन गुंजा इकडे, कधी तिकडे चुकत असेल, तर वर्षअखेरीस सराफाचं एकूण सोनं जवळपास बरोबरच भरेल. कुपोषण मोजताना आपण मुलांची सरासरी काढतच नाही. एक रेषा आखतो आणि तिच्या खाली किती डोकी आहेत ती मोजतो. रेषेपाशी चुकांचं गणित वेगळं चालतं. हे इतकं साधं आणि इतकं सुंदर आहे, की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मला ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी ती रेषा कुठून आली ते पाहू. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे ८,५०० मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. अट अशी की मूल आईच्या दुधावर वाढलेलं, आई सिगारेट न ओढणारी आणि घर वाढीच्या आड न येणारं असावं. अशा परिस्थितीत दिल्लीची मुलं ओस्लोच्या मुलांइतकीच वाढतात, असं त्यात दिसलं. "आपली माणसं मुळातच बारीक चणीची" हे पालुपद निदान पाच वर्षांखालच्या मुलांना लावता येत नाही. २००६ साली या मानकांचे तक्ते प्रसिद्ध झाले आणि भारताने ते २००८ मध्ये स्वीकारले. तक्त्यानुसार दोन वर्षं पूर्ण होताना झोपवून मोजलेल्या मुलग्याची मधली उंची ८७.८ सेंटीमीटर. पसरटपणाचं एकक, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण ३ सेंटीमीटर. मधल्या उंचीपासून अशी दोन एककं खाली उतरलं की ८१.७ सेंटीमीटर येतात. ही खुजेपणाची रेषा. आणखी एक एकक खाली, ७८.७ ला, तीव्र खुजेपणा. मूल मध्यापासून किती एककं वर किंवा खाली आहे, तो त्याचा झेड-स्कोअर. वजनालाही हेच लागू.

आता इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आठवा. राजवाड्यासमोर मुंगी शिरायला जागा नसते, आणि गल्ल्यांकडे सरकावं तशी गर्दी विरळ होत जाते. गर्दी जिथे विरळ व्हायला लागते तिथे रस्त्यावर खडूने एक आडवी रेघ ओढा. मग टँकरचा फवारा येतो आणि प्रत्येक जण पाऊलभर पुढे किंवा मागे ढकलला जातो. ढकलण्यात कसलाही पक्षपात नाही. रेघेच्या राजवाड्याकडच्या पट्टीत समजा शंभर माणसं होती, गल्लीकडच्या पट्टीत चाळीस. दोन्हीकडून दहातलं एक माणूस रेघ ओलांडून गेलं. दहा बाहेर आली, चार आत गेली. गल्लीत सहा माणसं वाढली! कोणी मुद्दाम काही केलं नाही. आत दाटी होती आणि बाहेर नव्हती, एवढंच कारण.

मुलांचंही तसंच. रेषेच्या वर दाटी असते, खाली विरळ. काटा दोन्हीकडे सारखाच चुकत असला तरी वरून खाली ढकलली जाणारी मुलं खालून वर जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. सरासरी जागची हलत नाही, कुपोषितांची टक्केवारी मात्र फुगते.

किती फुगते? यासाठी पायथागोरस पुरतो. मुलांमुलांतला खरा फरक आणि मोजणीतली चूक या एकमेकींशी संबंध नसलेल्या गोष्टी आहेत, त्यामुळे त्यांचा पसरटपणा काटकोनातल्या दोन बाजूंसारखा जोडला जातो. वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. खरा पसरटपणा १ आणि चुकीचा ०.७५ असेल तर दिसणारा पसरटपणा १.२५. हा शाळेतला ३-४-५ चा त्रिकोणच आहे. आता मुलांचं सरासरी झेड-स्कोअर उणे १ धरा आणि आलेख घंटेच्या आकाराचा. अचूक मोजणीत उणे २ च्या खाली साधारण १६ टक्के मुलं येतील, उणे ३ च्या खाली २.३ टक्के. चुकार मोजणीत तेच अनुक्रमे २१ आणि ५.५ टक्के होतात. रेषा जितकी टोकाला, तितकी फुगवटी मोठी: तीव्र गटातली मुलं दुपटीहून जास्त, आणि खऱ्या मुलांत तसूभरही फरक नाही. (इथे आमच्या घरातल्या एका श्रोत्याने जिलेबी आणायला जायचं निमित्त काढलं.)

०.७५ एकक म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीत सव्वादोन सेंटीमीटर. एवढं कोण चुकतं असं वाटेल, पण दोन वर्षांच्या पोराला लाकडी इन्फँटोमीटरवर आडवं करून पाहा. डोकं वरच्या फळीला टेकायला हवं, गुडघे दाबून सरळ करायला हवेत आणि तळवे खालच्या सरकत्या फळीला सपाट लागायला हवेत. पोरगं एव्हाना धनुष्यासारखं वाकलेलं असतं. शिवाय त्याच मुलाला उभं करून मोजलं तर ०.७ सेंटीमीटर कमी भरतात. म्हणून दोन वर्षांच्या आतल्यांना झोपवून आणि वरच्यांना उभं करून मोजायचा नियम आहे, आणि उलटं केलं तर तेवढी दुरुस्ती करायची. वयाचीही गंमत आहे. या वयात मूल महिन्याला सेंटीमीटरच्या थोडं आत वाढतं. जन्मतारीख "गणपतीच्या आसपास" अशी लिहिली गेली आणि दोनतीन महिन्यांची गफलत झाली, की उंची अचूक मोजूनही तेवढीच चूक पदरात पडते.

मागे एका अंगणवाडीतलं वजनांचं जुनं रजिस्टर चाळायला मिळालं होतं. सवयीने मी दशांश चिन्हानंतरचा आकडा पाहत गेले. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर ० ते ९ हे सगळे आकडे सारखेच यायला हवेत, प्रत्येकी दहात एकदा. तिथे ९.५, ८.०, १०.५, ११.० अशी रांग लागलेली होती. ३ आणि ७ शोधावे लागत होते. सर्वेक्षणांची परीक्षा घेताना तज्ज्ञ हीच खूण तपासतात. पण अर्ध्या किलोला गोल करण्याने स्वतःहून फारसं बिघडत नाही. त्याने येणाऱ्या चुकीचा पसरटपणा दीडशे ग्रॅमच्या आतला, आणि या वयात वजनाचं एकक सव्वा किलोच्या पुढे. पायथागोरसच्या बेरजेत ती दिसतसुद्धा नाही. ती फक्त ताप दाखवते: काटा नीट वाचला गेलेला नाही, तेव्हा बाकीचंही तपासून पाहा.

रजिस्टरवाल्या दीदींना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आकड्यावर टांगलेला साल्टर काटा, झोळीत हातपाय झाडणारं मूल, काटा स्थिर व्हायच्या आत "पुरे झालं, नजर लागेल" म्हणत त्याला उचलून घेणारी आजी. वजन केल्याने मूल वाळतं अशी समजूत आमच्या रामबागेतल्या शिकल्यासवरल्या घरांतही आहे, आणि तिच्यापायी काही मुलं काट्यापर्यंत पोचतच नाहीत. गंमत म्हणजे हीच आजी बाळाच्या कमरेचा करगोटा सैल झाला की सगळ्यांच्या आधी ओळखते. दंडावर गुंडाळायची रंगीत पट्टी दुसरं काय करते? सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला तर अतितीव्र कुपोषण समजतात आणि गरज पाहून पोषण पुनर्वास केंद्रात पाठवतात. आजीला आकडे येत नाहीत, तत्त्व येतं. उलट मोबाइलवर फोटो काढून उंची सांगणाऱ्या ॲपची भलामण करणाऱ्यांना आकडे येतात. त्यांच्या ॲपची चूक किती पसरट आहे एवढंच मला विचारायचं असतं, आणि तेवढंच उत्तर मिळत नाही.

तर भावाच्या पेपरातले दोन आकडे. ढिसाळपणा आकडा फुगवतो, म्हणून १७ हा आकडा ३२ पेक्षा कमी असण्याचं कारण ढिसाळपणा असू शकत नाही. कदाचित मधल्या वर्षांत मुलं खरंच सुधारली असतील. सर्वेक्षणात निवडलेल्या घरांतली मुलं मोजतात आणि ॲपमध्ये अंगणवाडीत नाव असलेली, तेव्हा मुलंच वेगळी असतील. किंवा चुका होत असतील, पण दोन्हीकडे सारख्या नाहीत: रेषेच्या जरा खाली आलेलं मूल "चला, दोनशे ग्रॅमच तर आहेत" म्हणून रेषेवर चढत असेल. माझा संशय तिसऱ्यावर जास्त आहे, कारण २०२४ मध्ये त्याच ॲपमध्ये खुजेपणाचा आकडा सर्वेक्षणाच्या ३५.५ टक्क्यांच्या आसपासच दिसत होता. वजन निम्म्यावर आलं, उंची जागच्या जागी. उंची मोजताना चुका मोठ्या होतात, त्या आकडा फुगवतात, आणि नुसत्या नजरेला न दिसणारा खुजेपणा लपवण्याची घाई कोणाला नसते. सर्वेक्षणाच्या आकड्यातही थोडी फुगवटी असणारच. हे सगळं तपासता येतं: झेड-स्कोअरचा पसरटपणा काढायचा आणि उणे २ च्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतली डोकी मोजायची. रेषेच्या लगत खाली खड्डा आणि वर उंचवटा दिसला, तर कोणीतरी मुलं उचलून ठेवली आहेत.

त्या सहा देशांच्या अभ्यासात प्रत्येक मूल दोन माणसं स्वतंत्रपणे मोजत. दोघांच्या उंचीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला की पुन्हा मोजायचं. हे मी गेल्या मंगळवारी भावाच्या नातीला घेऊन गेले तेव्हा आमच्या अंगणवाडीच्या दीदींना सांगितलं. त्या हसल्या, पण त्यांनी सहायिकेला हाक मारली. सहायिकेने डोकं धरलं, दीदींनी गुडघे दाबले: ७९.४. मग दोघींनी जागा बदलल्या: ८०.९. "अरे बापरे, डेढ़ सेंटीमीटर!" दीदी म्हणाल्या आणि त्यांनी नातीच्या डोक्यावरची क्लिप काढली. तिसऱ्यांदा ८०.७ आली. नात तोवर झोपली होती.