पुढच्या पिढीचा बोकड

बकरी ईदच्या आधी व्यापारी वाडीत येतो आणि कळपातला सर्वांत उंच, भरदार बोकड पारखून नेतो. मागे उरतो तो किरकोळ अंगाचा, आणि पुढच्या हंगामात शेळ्या त्याच्यापासूनच गाभण राहतात. पैशांची निकड असलेल्या घराला दोष देता येणार नाही. परंतु वाढीचा वेग बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळे, वर्षानुवर्षे हेच घडत राहिले की कळपाची प्रत खालावत जाते, आणि मालकाला वाटत राहते की चाराच कमी पडला असावा.

त्यात घरचाच बोकड अनेक वर्षे ठेवला तर तो स्वतःच्या पाटींनाही, म्हणजे वयात आलेल्या लेकींनाही, लागतो. बाप आणि लेक यांच्या करडात अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या रक्तातल्या संकराचे, प्रमाण २५ टक्के असते. त्यातूनच जन्मलेल्या नातीला पुन्हा तोच बोकड लागला तर ते ३७.५ टक्क्यांवर जाते. करडे अशक्त निपजणे, शेळ्या उलटणे (गाभण न राहता पुन्हा माजावर येणे) हे त्याचे परिणाम. म्हणून वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक जातिवंत बोकड ठेवावा आणि दर दोन वर्षांनी तो बदलावा. ज्यांच्याकडे चारच शेळ्या आहेत, त्यांनी शेजाऱ्यांसह मिळून एक बोकड पाळणे मला अधिक व्यवहार्य वाटते. सिंधुदुर्गात त्यासाठी दूर जायला नको: चेहऱ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांनी ओळखू येणारी कोकण कन्याळ ही नोंदणीकृत जात तिथलीच, आणि तिथल्या पावसात रुळलेली.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. जानेवारीअखेर शेळी फळली तर ती जूनच्या अखेरीस, ऐन पावसात विते. ओल्या गोठ्यात करडे गारठतात, त्यांना न्यूमोनिया होतो. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत फळलेली शेळी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते, तेव्हा पाऊस ओसरलेला आणि रानात पाला भरपूर असतो. अडचण एवढीच की मे महिन्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, गवताची काडी उरत नाही आणि अशक्त शेळी नीट माजावर येत नाही. फळवण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक दिला तर अधिक बीजे सुटतात आणि जुळ्यांची शक्यता वाढते. हा खुराक मात्र हळूहळू वाढवायला हवा. लग्नघरचा उरलेला भात एकदम पुढे ठेवला तर पोटातले जिवाणू तो झपाट्याने आंबवतात, आम्ल वाढते आणि धडधाकट शेळी एका दिवसात आडवी होते.

कोकणात उन्हाळ्याचा खरा आधार म्हणजे फणसाचा आणि उंबराचा पाला. डहाळ्यांची जुडी आढ्याला, शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. जमिनीवर तुडवलेल्या पाल्याला ती तोंड लावत नाही. पावसाळ्यात तर ही सवय दुप्पट उपयोगी पडते, कारण जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुंध्याशीच असतात आणि टांगलेल्या जुडीपर्यंत पोहोचू शकत नाहीत.