सिटीकडून मिळालेला ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’चा पैसा: मंडळांच्या आणि छोट्या दुकानांच्या फायली नेमक्या कुठे अडकतात

अमेरिकेत ज्या मराठी मंडळांनी, सिनियर लोकांसाठी काम करणाऱ्या छोट्या नॉनप्रॉफिट्सनी किंवा किराणा-केटरिंगवाल्यांनी सिटीकडे कोविडनंतरच्या मदतीसाठी अर्ज केला, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मंजुरीचं पत्र आलेलं असतं, काम केलेलं असतं, डबे खरंच लोकांच्या दारात पोचवलेले असतात, आणि मग सिटीकडून ईमेल येतो की कागद अपुरे आहेत, बिल नामंजूर. अशा फायली बघून बघून एक कळलंय, की काम खोटं होतं म्हणून जवळपास कोणाचंच बिल परत येत नाही. ते परत येतं कारण आपण नक्की कोण म्हणून पैसे घेतोय आणि आपल्याला कोणती तारीख लागू आहे हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

पैसा कुठून आला ते थोडक्यात. ११ मार्च २०२१ ला अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायदा झाला, त्यात राज्यं, काउंट्या, शहरं, ट्रायबल सरकारं यांना मिळून ३५० अब्ज डॉलर होते. मोठ्या शहरांना ट्रेझरीने (फेडरल अर्थखात्याने) थेट ४५.५७ अब्ज दिले आणि साधारण पन्नास हजारांच्या आतल्या गावांचे १९.५३ अब्ज राज्याच्या हातून गेले. त्याआधी २०२० मध्ये केअर्स अ‍ॅक्टचा १५० अब्जांचा फंड आला होता, पण त्यात थेट पैसे फक्त पाच लाखांवर वस्तीच्या शहर-काउंट्यांना होते आणि नियमही वेगळे होते. हे सांगायचं कारण म्हणजे काही सिटी ऑफिसेस अजून जुन्या फंडाची चेकलिस्ट नव्या फाइलला लावतात. असा कागद मागितला की तो कोणत्या फंडाच्या नियमात आहे हे नम्रपणे पण लेखी विचारा.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख सिटीची होती. तोपर्यंत सिटीने करार किंवा ऑर्डर करून पैसा कोणत्या कामाला जाणार ते पक्कं बांधायचं होतं. खर्च प्रत्यक्ष करायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे. सिटीने तुमच्याशी २०२४ संपायच्या आत करार केला असेल तर तुम्हाला पुढे वेगळं काही ‘बांधायची’ गरज नव्हती, म्हणजे तुमच्या केटररशी किंवा व्हॅनवाल्याशी तुम्ही २०२५ मध्ये करार केला म्हणून बिल नाकारता येत नाही, ट्रेझरीनेच तसं स्पष्ट केलंय. तरीही ‘२०२४ मध्ये सगळं संपलं’ असं समजून काही मंडळांनी उरलेले पैसे मागितलेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते पैसे त्यांच्या हक्काचे होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२६ चा डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे डिसेंबरपर्यंत वेळ आहे असं नाही. सिटीला तुमची बिलं तपासून, पैसे देऊन, तिचा हिशेब बंद करायचा असतो, म्हणून करारात बहुतेक वेळा त्याच्या बरीच आधीची तारीख घातलेली असते. तो करार उघडा, शेवटचं बिल कधी द्यायचं ते शोधा आणि ती तारीख कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करा. शहर सीडीबीजीसारख्या (फेडरल वस्तीविकास अनुदानासारख्या) कामांच्या किंवा रस्ते-वाहतुकीच्या कलमाखाली पैसे वापरत असेल तर मुदत आणखी आधी, ३० सप्टेंबर २०२६. जे खर्च होणार नाहीत ते सिटीला ट्रेझरीकडे परत करावे लागतात. २०२४ नंतर सिटी नवीन प्रकल्प सुरू करू शकत नाही, पण एका कामात वाचलेले पैसे आधीच करार झालेल्या दुसऱ्या पात्र कामाकडे वळवू शकते, त्यामुळे तुमचं काम वाढलं असेल तर विचारायला हरकत नाही.

आता ‘आपण कोण’. तीन प्रकार आहेत. दुकान बंद पडलं, धंदा बसला, म्हणून नुकसानीपोटी मदत मिळाली तर तुम्ही लाभार्थी. सिटीचा कार्यक्रम तुम्ही सिटीच्या वतीने चालवताय, म्हणजे कोणाला डबा द्यायचा, कोण पात्र हे तुम्ही ठरवताय, तर तुम्ही सबरेसिपियंट. आणि सिटीला नुसती सेवा किंवा माल विकताय तर कॉन्ट्रॅक्टर. लाभार्थ्याला फेडरल ऑडिटचे नियम लागत नाहीत, सबरेसिपियंटला जवळजवळ सगळे लागतात. नॉनप्रॉफिट दोन्ही असू शकते: मंडळाचं स्वतःचं उत्पन्न बुडालं म्हणून मदत घेतली तर लाभार्थी, सिनियर्सना जेवण द्यायला पैसे घेतले तर सबरेसिपियंट. करारावर वर काय लिहिलंय ते बघा आणि लिहिलेलं नसेल तर सही करायच्या आधी विचारा, नंतर विचारून फार उपयोग होत नाही.

आणखी एक प्रश्न विचारा जो कोणी विचारत नाही: आमचे पैसे कोणत्या खर्च-प्रकारातून दिलेत? शहरांना एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम ‘बुडालेलं उत्पन्न’ म्हणून काही गणित न करता दाखवायची मुभा होती, आणि ज्या गावांना एकूण त्याहून कमी मिळाले त्यांना तर सगळीच रक्कम तशी दाखवता येत होती. तो प्रकार म्हणजे ६.१. ट्रेझरीचं म्हणणं असं की त्या पैशात सबरेसिपियंट हा प्रकारच नसतो. म्हणजे तुमचे पैसे ६.१ मधले असतील तर फेडरल सबरेसिपियंटचे नियम तुमच्यावर लादायला नकोत. सिटी आपल्या मर्जीने अटी घालू शकते, पण मग त्या सिटीच्या अटी आहेत, ‘फेडरलचा नियम आहे’ असं सांगून दार बंद करणं बरोबर नाही. हे कळल्यावर निम्मी कागदपत्रं कमी झालेली मंडळं आहेत.

कागदपत्रांत डब्ल्यू-नाइन (टॅक्स नंबरचा फॉर्म), बँकेचं पत्र, बोर्डाचा ठराव, इन्शुरन्स सर्टिफिकेट, हे सगळे देतात, त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते दोन-तीन ठिकाणी.

पहिलं, आयआरएसचं (फेडरल टॅक्स खात्याचं) ५०१(सी)(३) चं, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असल्याचं, मूळ पत्र. मंडळ पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्थापन झालेलं, पत्र त्या वेळच्या सेक्रेटरींच्या बेसमेंटमध्ये कुठल्यातरी खोक्यात, आणि आताच्या कमिटीत ते कोणी बघितलेलंसुद्धा नाही. घाबरू नका, आयआरएसकडे मागितलं की तुमचा दर्जा कायम असल्याचं नवीन पत्र मिळतं, त्याला ४१६८ म्हणतात, आणि बहुतेक सिटी ते मान्य करतात. पण मागायच्या आधी आयआरएसच्या साइटवर मंडळाचं नाव शोधून बघा. वर्षाला साधारण पन्नास हजार डॉलरच्या आत उलाढाल असलेल्या संस्थांना फक्त ९९०-एन हा छोटा वार्षिक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, पाच मिनिटांचं काम, पण कमिटी बदलली की नेमका तोच राहतो, आणि सलग तीन वर्षं राहिला की दर्जा आपोआप रद्द होतो. आयआरएस त्याची सूचना ज्या पत्त्यावर पाठवतं तिथे आता कोणी राहत नसतं. रद्द झाला असेल तर आधी तो परत मिळवायला अर्ज करा आणि सिटीला खरं ते सांगा. लपवून अर्ज केलेला पुढे पकडला गेला तर घेतलेले पैसे परत मागतात.

दुसरं, यूईआय नंबर, म्हणजे फेडरल पैसा घेणाऱ्या संस्थेचा सरकारी ओळख क्रमांक. एप्रिल २०२२ पासून जुना डन्स नंबर बंद झाला, आता सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवर यूईआय घ्यावा लागतो. तो फुकट आहे. पूर्णपणे फुकट. ‘रजिस्ट्रेशन करून देतो’ म्हणून चारशे-पाचशे डॉलर मागणारे ईमेल येतात, त्यांना एक पैसा देऊ नका. आणि सबरेसिपियंटला बहुधा नुसता नंबर पुरतो, पूर्ण रजिस्ट्रेशनची गरज नसते, त्याला बराच वेळ लागू शकतो. इथे गाडी अडकते ती नाव आणि पत्त्यावर. आर्टिकल्समध्ये (राज्याकडच्या स्थापनेच्या कागदात) मंडळाचं पूर्ण नाव ‘इन्कॉर्पोरेटेड’सकट, बँकेत नुसतं ‘इन्क.’, आयआरएसच्या पत्रात नाव अर्धं कापलेलं, आणि पत्ता दहा वर्षांपूर्वीच्या खजिनदारांच्या घराचा जे केव्हाच दुसऱ्या राज्यात गेलेत. पीओ बॉक्स चालत नाही. एकाच कागदावर कायदेशीर नाव आणि प्रत्यक्ष पत्ता दोन्ही जुळलेलं दाखवावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी राज्याच्या रेकॉर्डमध्ये पत्ता बदला, मग ८८२२-बी फॉर्म भरून आयआरएसकडे, मग बँकेत, आणि तिन्ही जुळल्यावर सॅमवर जा. उलट्या क्रमाने केलं की प्रत्येक ठिकाणी नकार येतो. शक्य असेल तर दर वर्षी बदलणाऱ्या खजिनदाराऐवजी एखाद्या कायमच्या ट्रस्टीचा पत्ता द्या, पुढच्या कमिटीचे खूप कष्ट वाचतील.

तिसरं, डबे घेणाऱ्या लोकांच्या उत्पन्नाचा पुरावा. इथे मला सिटी ऑफिसेसचा खरंच राग येतो. मुलाकडे राहणाऱ्या, स्वतःचं उत्पन्न नसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींकडे टॅक्स रिटर्न मागतात. कुठून आणणार त्या? ट्रेझरीच्या नियमात यासाठी सोपी वाट आहे: एखादं कुटुंब मेडिकेड (आरोग्य), स्नॅप (अन्न), विक (आई-बाळाचा आहार), एसएसआय (वृद्ध-अपंगांना रोख मदत) अशा ठरावीक सरकारी योजनांत आधीच असेल तर त्या योजनेचं पत्र पुरतं, वेगळं उत्पन्न तपासायची गरज नाही. तसंच ‘क्वालिफाइड सेन्सस ट्रॅक्ट’मधल्या (कमी उत्पन्नाच्या म्हणून ठरवलेल्या वस्तीतल्या) कार्यक्रमांनाही सवलत आहे, पत्ता टाकून हडच्या (फेडरल गृहनिर्माण खात्याच्या) नकाशावर बघता येतं. उत्पन्नाने मोजायचं झालं तर फेडरल गरिबीरेषेच्या ३०० टक्क्यांपर्यंत किंवा त्या भागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ६५ टक्क्यांपर्यंत असलेलं कुटुंब कोविडचा फटका बसलेलं धरतात. ही मर्यादा लोकांना वाटते त्याहून बरीच वर आहे, म्हणून ‘आम्ही काही एवढे गरीब नाही’ म्हणून घरीच बसणाऱ्यांना जरूर सांगा.

मग बिलं. बहुतेक सिटी आधी खर्च करा, मग परत देतो या पद्धतीने चालतात, आणि छोट्या मंडळाला तेच सगळ्यात जड जातं. किराण्याची पावती हा खरेदीचा पुरावा झाला, पैसे दिल्याचा नाही. सोबत मंडळाच्या बँक स्टेटमेंटवर तीच रक्कम दिसायला हवी. कोणा सदस्याने स्वतःच्या कार्डावर तांदूळ-डाळ आणली आणि मंडळाने त्याला झेलवर (बँक-ट्रान्सफरने) पैसे दिले, हे आपल्याकडे रोज होतं, पण ऑडिटरला मधला धागा दिसत नाही. तेव्हा पावती, सदस्याचा सही केलेला छोटा फॉर्म आणि मंडळाच्या खात्यातला व्यवहार, हे तीन कागद एकत्र स्टेपल करा. पगार घेणाऱ्या कोऑर्डिनेटरची टाइमशीट त्याच आठवड्यात भरून सही करून ठेवा, सहा महिन्यांनी एका बैठकीत बसून भरलेली एकाच शाईतली टाइमशीट लगेच ओळखू येते. आणि सबरेसिपियंट म्हणून घेतलेल्या पैशातून करमणूक, दारू, निधी गोळा करायचा कार्यक्रम हे काहीही चालत नाही. गणपतीच्या कार्यक्रमाचा साउंड किंवा दिवाळी पार्टीचा हॉल त्यात घातला की ते एक बिल तर जातंच, पण त्यानंतर तुमची प्रत्येक पावती संशयाने बघतात. सिनियर्सचं जेवण ग्रँटमधून आणि उत्सव वर्गणीतून, दोन वेगळी खाती ठेवा. मोठी खरेदी असेल, समजा वीस हजारांचा फ्रीझर, तर आधी दोन-तीन कोटेशन्स घेऊन ठेवा.

दुकानदारांसाठी. नवीन अर्ज सिटीकडे आता बहुधा नाहीत, पण सिटीने २०२४ च्या आत ज्या स्थानिक संस्थेला हा कार्यक्रम चालवायला दिला असेल ती अजून मदत देत असू शकते, तिथे चौकशी करा. पाचशेच्या आत कर्मचारी, स्वतंत्र मालकी, आणि कोविडमुळे नुकसान झालं, हे दाखवायचं असतं. २०१९ आणि २०२० चे टॅक्स रिटर्न्स शेजारी ठेवले की काम होतं, पण घरून डबे देणाऱ्या बायका इथे सगळ्यात जास्त मागे पडतात, कारण शेड्युल सी (स्वतःच्या धंद्याचा टॅक्स फॉर्म) भरलेला नसतो, खातं नवऱ्याबरोबर जॉइंट आणि हेल्थ परमिट नाही. त्यांना मला इतकंच सांगायचंय की राहिलेले रिटर्न्स आधी सीपीएकडून भरून घ्या, पुढच्या कुठल्याही मदतीला ते लागणारच. पीपीपी या कोविडकाळातल्या फेडरल योजनेच्या माफ झालेल्या कर्जातून भरलेलं भाडं परत इथे दाखवू नका, एकाच खर्चाला दोनदा पैसे घेतले की परत द्यावे लागतात. आणि धंद्याला मिळालेली ही मदत साधारणपणे टॅक्सेबल उत्पन्न असते, ती सगळी खर्च करून बसू नका, थोडी बाजूला ठेवा.

घरभाड्याच्या मदतीबद्दल अजून बरेच जण विचारतात. तो पूर्ण वेगळा फेडरल फंड होता आणि त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. सिटीच्या या पैशातून तुमच्या गावात भाड्याचा वेगळा कार्यक्रम चालू असेल तरच मिळेल.

ऑडिटचं नाव ऐकून कमिटीतले लोक राजीनामे द्यायला निघतात, तेव्हा आकडा नीट समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ किंवा नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षात सगळ्या फेडरल पैशातून मिळून दहा लाख डॉलर किंवा जास्त खर्च केला तरच फेडरल सिंगल ऑडिट लागतं. त्याआधीच्या वर्षांना साडेसात लाखांची मर्यादा होती. किती मंजूर झाले ते बघत नाहीत, त्या वर्षात खर्च किती झाले ते बघतात. आपली बहुतेक मंडळं त्याच्या जवळपासही नसतात. कागद मात्र सगळ्यांनाच जपायचेत, शेवटचा पैसा खर्च झाल्यावर किंवा परत गेल्यावर पाच वर्षं, म्हणजे २०३१ संपेपर्यंतची तयारी ठेवा. तोवर तुमची कमिटी किमान दोनदा-तीनदा बदललेली असेल, म्हणून सगळं स्कॅन करून मंडळाच्या स्वतःच्या ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवा, कोणाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, आणि पासवर्ड नव्या खजिनदाराला हिशेबाच्या वहीसोबतच द्या.