ईव्ह मोंताँ : मॉस्को दौऱ्याची पार्श्वभूमी

फ्रेंच गायक-अभिनेता ईव्ह मोंताँ (१९२१–१९९१) याचे नाव निघाले की बोलणे गायिका एदित पियाफ आणि अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्याशी असलेल्या प्रेमप्रकरणांवरच घसरते. ते सारे वाचकांना ठाऊक आहे. त्याच्या सार्वजनिक आयुष्याला वळण देणारा निर्णय मात्र डिसेंबर १९५६ मधला आहे. हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला त्याला दीड महिनाही उलटला नव्हता, आणि मोंताँ मॉस्कोत गायला गेला.

त्याचे मूळ नाव इव्हो लिव्ही, जन्म इटलीतल्या तोस्काना प्रांतात. वडील कम्युनिस्ट असल्याने फॅसिस्टांच्या राज्यात निभाव लागेना, म्हणून कुटुंब फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात आले. इव्होची शाळा लवकर सुटली. शेवयांचा कारखाना, बहिणीचे केशकर्तनालय, बंदरावरची हमाली अशी कामे करत तो गाण्याकडे वळला. थोरला भाऊ पुढे डाव्या कामगार संघटनेचा पुढारी झाला. मोंताँने स्वतः फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व कधीच घेतले नाही. ‘कम्युनिस्ट गायक’ हे बिरूद विरोधकांनी चिकटवले आणि पक्षानेही ते खुशाल मिरवू दिले. तो पक्षाच्या सभा-समारंभांत गात होता आणि १९५० च्या अण्वस्त्रविरोधी स्टॉकहोम आवाहनावर त्याने सही केली होती. तेव्हा बिरूद चुकीचे असले तरी हवेतून आलेले नव्हते.

सिनेमात सुरुवात फसली. १९४६ च्या ‘ले पोर्त द ला न्युई’साठी आधी ठरलेले दोन्ही मोठे तारे बाहेर पडले आणि मुख्य भूमिका या नवख्याकडे आली. चित्रपट पडला. त्यातले ‘ले फय मोर्त’ हे गाणेही लगेच उचलले गेले नाही, त्याला लोकप्रियता सावकाश मिळाली. चित्रपटातले खरे यश १९५३ चे, दिग्दर्शक क्लूझोच्या ‘ल सालेर द ला पर’मधले.

त्याच वर्षी पॅरिसच्या एत्वाल थिएटरात त्याने एकट्याचा कार्यक्रम लावला आणि तो सहा महिन्यांहून अधिक चालला. तेव्हाचा रिवाज एका रात्रीत चार-पाच कलाकारांचा असे. इथे मात्र अख्खी संध्याकाळ एकच माणूस पेलत होता. अंगात गळ्याशी उघडा तपकिरी सदरा आणि तपकिरी पँट. वादक मागे, झिरझिरीत पडद्याआड. प्रत्येक गाण्याची प्रकाशयोजना निराळी. हात कधी उचलायचा, टोपी कुठल्या शब्दावर काढायची, हे आरशासमोर घोटून घेतलेले. सहज वाटणाऱ्या या कार्यक्रमात उत्स्फूर्त असे फार थोडे होते.

सोव्हिएत दौऱ्याची बोलणी उठावाच्या आधीच झाली होती. मॉस्कोतल्या एका नामवंत बाहुलीकाराने मोंताँची गाणी तिथल्या श्रोत्यांपर्यंत पोचवली होती, आमंत्रणामागेही तोच होता. ४ नोव्हेंबरला रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. तीनच दिवसांनी पॅरिसमध्ये जमावाने कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीवर हल्ला केला. आता दौरा रद्द केला तर ज्या डाव्या श्रोत्यांमध्ये तो वाढला ते तुटणार, घरात भावाशी बिनसणार; गेला तर रणगाड्यांना होकार दिल्याचा अर्थ निघणार. काही मित्रांनी जाऊ नकोस म्हणून विनवले. त्याने त्या बाहुलीकाराला उद्देशून खुले पत्र छापले. हंगेरीतल्या घटनांनी अस्वस्थ झाल्याचे त्यात मान्य होते, जाण्याचे कारण मात्र शांतता आणि सांस्कृतिक देवाणघेवाण हे दिले होते. पत्राने कोणाचेच समाधान झाले नाही.

मॉस्कोत गर्दी अशी की कार्यक्रम लुझ्निकीच्या क्रीडागृहातही करावा लागला. बोटांच्या हालचालींवर उभी असलेली कला हजारोंच्या सभागृहात अर्धी हरवते, पण टाळ्यांना खळ नव्हता. एका कार्यक्रमाला ख्रुश्चेव्हसह सारे वरिष्ठ नेते आले आणि नंतर जेवणाच्या टेबलावर मोंताँ आणि त्याची पत्नी, अभिनेत्री सिमोन सिन्योरे, यांनी हंगेरीचा प्रश्न थेट विचारला. हे धाडस खरेच. पण ते बंद दारामागचे होते. त्याचे सविस्तर वर्णन लोकांनी वाचले ते सिन्योरेच्या १९७६ मधल्या आत्मचरित्रात. दौरा तिथून पूर्व युरोपात गेला, बुडापेस्टलाही. जाण्याबद्दल त्याला धारेवर धरणे सोपे आहे, करार आणि घरचे ताण पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. परतल्यानंतरची लांब चुप्पी मात्र समजून घेणे कठीण जाते. पक्षापासून तो दूर सरकत गेला, पण उघड फारकत १९६८ मध्ये सोव्हिएत फौजांनी प्राग चिरडल्यावरच झाली.

दरम्यान अमेरिकेचा दरवाजा याच प्रकरणांनी अडला होता. १९५२ च्या कायद्याखाली डाव्या संबंधांच्या परकीयांना व्हिसा नाकारता येई. १९५९ मध्ये अपवाद म्हणून परवानगी मिळाली, ब्रॉडवेवर कार्यक्रम झाला आणि त्यातून हॉलिवूडचा चित्रपट आला.

१९६९ चा ‘झेड’ आणि १९७० चा ‘लाव्हू’ हे दोन्ही चित्रपट दिग्दर्शक कोस्ता-गाव्रासचे. दुसऱ्यात तो प्रागमधल्या कम्युनिस्ट राजवटीच्या १९५२ च्या बनावट खटल्यातला आरोपी झाला आणि भूमिकेसाठी त्याने दहा किलोंहून अधिक वजन उतरवले. भावाशी दुरावा यानंतर वाढला. १९७४ मध्ये चिलीच्या निर्वासितांसाठी तो एक रात्र गायला, मग १९८१ मध्ये साठीत पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहाच्या मंचावर परतला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याचे कार्यक्रम झाले. १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवरून त्याने आर्थिक मंदीवर लोकांना खुल्या बाजाराचे धडे दिले. जुन्या चाहत्यांना ते अजून झोंबते. राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्याचे नाव घेतले गेले, पण त्याने नकार दिला.

९ नोव्हेंबर १९९१ रोजी, एका चित्रपटाचे काम चालू असताना, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तो एका मुलीचा पिता असल्याच्या दाव्यात हयातीत त्याने रक्तचाचणीला नकार दिला होता. अपील न्यायालयाच्या आदेशावरून मार्च १९९८ मध्ये पेर-लाशेझ दफनभूमीत कबर उघडून नमुने घेतले गेले आणि निष्कर्ष नकारार्थी निघाला. त्यावरून देशभर वाद झाला. २००४ च्या फ्रेंच जैवनीती कायद्यानुसार आता, हयातीत स्पष्ट संमती दिलेली नसेल, तर मृत्यूनंतर अशी जनुकीय ओळखचाचणी करता येत नाही.