सिक्युरिटी चेकच्या पलीकडचा ग्लास

विमानतळावर प्यायची सोय जुनीच. आयर्लंडमध्ये फॉइन्सला समुद्री विमानांचा तळ होता. खराब हवेमुळे अटलांटिकवरून माघारी आलेल्या, गारठलेल्या प्रवाशांसाठी तिथला शेफ जो शेरिडन याने १९४० च्या दशकात कॉफीत व्हिस्की घातली, तीच आयरिश कॉफी. तिथलं खानपान सांभाळणाऱ्या ब्रेंडन ओ'रेगन यांनी १९४७ मध्ये शॅनन विमानतळावर जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान काढलं.

विमानतळावरचा वाइन बार मात्र या घराण्यातला नव्हे. त्याला जन्म दिला सुरक्षा तपासणीच्या रांगेने. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत अमेरिकेत सोडायला आलेली मंडळीही गेटपर्यंत जात. त्यानंतर फक्त तिकीटवाले आत जाऊ लागले, तेही दोन-दोन तास आधी. त्याच सुमारास विमान कंपन्यांनी स्वस्त वर्गातलं जेवण छाटलं. गेटजवळ भुकेली, अडकलेली गिऱ्हाइकं आयतीच जमली. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर 'व्हिनो व्होलो' या वाइन बार साखळीचा पहिला बार उघडला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि हातातल्या सामानात १०० मिलीची मर्यादा आली. घरून आणलेली ७५० मिलीची बाटली नाक्यावरच अडू लागली. पलीकडे विकली जाणारी मात्र चालते.

या बारचं मुख्य हत्यार म्हणजे 'फ्लाइट'. इंग्रजीत चाखण्याच्या छोट्या ग्लासांच्या संचालाही हाच शब्द आहे, त्यामुळे नावावरची कोटी फुकटात मिळाली. साधारण ६० मिलीचे तीन ग्लास, म्हणजे १८० मिली. नेहमीच्या १५० मिलीच्या एका ग्लासापेक्षा थोडं जास्तच. एका बाटलीतून नेहमीचे पाच ग्लास निघतात, चाखण्याचे बारा. दुखणं बाटली उघडल्यावर सुरू होतं. हवा लागली की फळांचा वास आधी जातो, मग सफरचंद कापून ठेवल्यासारखा शिळा वास येतो. म्हणून बाटलीत आरगॉन वायू सोडतात. २०१३ मध्ये आलेल्या कोराव्हिन या उपकरणाची सुई बुचातूनच वाइन काढते. अस्सल बूच सुई निघाल्यावर मिटतं, प्लॅस्टिकचं मिटत नाही. पहाटेच्या विमानाआधी ग्लास मागवताना बाटली कधी उघडली हे बेलाशक विचारावं.

चकणाही जागेने ठरवला. टर्मिनलच्या छोट्या गाळ्यात गॅसची शेगडी आणि धुराडं बसवणं जिकिरीचं, म्हणून चीज, ऑलिव्ह, भाजलेले बदाम, खारवलेलं मांस. खारटपणाने वाइनचा कडवटपणा बोथट होतो, त्यामुळे ही अडचण पथ्यावरच पडली. आधी पांढरी, मग लाल. उलट केलं तर पांढरी पाणचट लागते.

नाजूक वाइन जमिनीवरच प्यावी हे आमचं ठाम मत. केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरचा असतो, हवा अगदी कोरडी. वास मंदावतो, आंबट-तुरटपणा तेवढा पुढे येतो.

आपल्याकडे देशांतर्गत विमानात दारू मिळतच नाही, त्यामुळे नाशिकची वाइन प्यायची तर ती गेटच्या अलीकडेच. पण गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. दुसऱ्या ग्लासाबरोबरच बिल मागून ठेवावं.