राजकीय जोखीम (गुंतवणूक)

राजकीय जोखीम : परक्या देशात गुंतवलेल्या भांडवलाला तेथील सत्तांतर, कायदेबदल, चलननिर्बंध, मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण किंवा यादवी यांमुळे असणारा धोका. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांत परताव्याची अपेक्षा मोठी असते. पण एका अधिसूचनेने धंद्याचे गणित बदलण्याची शक्यताही तितकीच मोठी असते.

धोका कोणाला किती, हे पैसा कशात अडकला आहे यावर ठरते. मलेशियाने 1 सप्टेंबर 1998 रोजी लादलेल्या निर्बंधांमुळे शेअर विकणाऱ्या परकीयांना वर्षभर पैसा देशाबाहेर नेता येईना, तर अर्जेंटिनाने 2012 मध्ये वायपीएफ या तेल कंपनीतील स्पॅनिश रेप्सोलचा 51 टक्के हिस्सा ताब्यात घेतला. वीजप्रकल्प वा खाण उभी राहीपर्यंत सरकार गुंतवणूकदाराची मनधरणी करते. एकदा यंत्रे जमिनीत रोवली गेली, की तो उठून जाऊ शकत नाही आणि सौद्याचे पारडे फिरते. याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे : सत्तांतरानंतर राज्य सरकारने 1995 मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प रद्द केला आणि पुढच्या वर्षी नव्या अटींवर स्वीकारला.

मराठवाड्यात हा विषय डाळ मिलपर्यंत येऊन पोहोचतो. लातूरच्या मोंढ्यातील तुरीच्या भावावर म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतील आवकेचा परिणाम होतो. तूर आयातीबाबत भारत व मोझांबिक यांच्यात 2016 मध्ये सामंजस्य करार झाला होता, तरीही 2023 च्या अखेरीस तेथील व्यापारी वाद न्यायालयात गेल्याने निर्यात रखडली आणि भारतातील खरेदीदार ताटकळले. उलट, भारताने ऑगस्ट 2017 मध्ये तूर आयातीवर वार्षिक मर्यादा घातली, तेव्हा आफ्रिकेतील उत्पादकांच्या दृष्टीने जोखीम दिल्लीत होती. आपण जोखमीच्या यादीत फक्त इतरांची नावे लिहितो, एवढेच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील निर्यातदाराचा प्रश्न वेगळा : माल पोहोचतो, ग्राहक स्थानिक चलनात पैसेही भरतो, पण त्या देशाची मध्यवर्ती बँक डॉलर सोडत नाही.

मोजमापाची रूढ रीत म्हणजे देशाच्या मानांकनानुसार अपेक्षित परताव्याचा दर दोन-चार टक्क्यांनी चढवणे. ती सोयीची, पण ढोबळ आहे. कारण राजकीय नुकसान दरवर्षी थोडेथोडे होत नाही, वर्षानुवर्षे काहीच न होता एकाच फटक्यात होते. म्हणून जप्ती, चलनबंदी, करवाढ अशा प्रत्येक घटनेची शक्यता व तिच्यात बुडणारी रक्कम स्वतंत्रपणे धरून भविष्यातील उत्पन्नातून वजा करणे अधिक सयुक्तिक ठरते. उरलेला धोका विम्यावर टाकता येतो : जागतिक बँक समूहातील मिगा (बहुपक्षीय गुंतवणूक हमी संस्था) ही 1988 पासूनची संस्था दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीला हमी देते, तर 1957 मध्ये स्थापन झालेली ईसीजीसी ही सरकारी निर्यात पतविमा कंपनी भारतीय निर्यातदारांची येणी बुडण्यापासून संरक्षण देते. निकृष्ट मालावरून झालेला तंटा मात्र राजकीय जोखमीत मोडत नाही.